बिऱ्हाड आणि कुलूप

'बिऱ्हाड' हा शब्द आमच्या माणदेशात दोन प्रकारच्या लोकांच्या तोंडी विशेष असतो. एक मेंढरे घेऊन हिंडणारा धनगर आणि दुसरा बदलीवर आलेला नोकरदार. धनगराचे बिऱ्हाड म्हणजे घोड्याच्या पाठीवर लादलेली भांडी, वाकळा, कोंबड्यांचे डालगे आणि या सर्वांवर बसवून दिलेले एखादे पोर. दिवाळी सरली की ते कोकणाच्या अंगाने चालू लागते आणि मिरगाच्या सुमारास परत फिरते. जेथे पाणी आणि शेतमालकाची संमती मिळेल तेथे त्याचा मुक्काम. त्याबद्दल तो पैसा देत नाही. रात्रभर शेतात मेंढरे बसवतो, आणि त्या लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकरीच त्याला चार पायल्या धान्य देतो. मुक्काम करणाराने देण्याऐवजी मुक्काम देणारानेच मोबदला द्यावा, असा हा व्यवहार जगात विरळाच असेल. नोकरदाराचे बिऱ्हाड मालमोटारीवर येते. परंतु घरमालकास हवेसे वाटावे असे लेंडीखतासारखे काही त्याच्यापाशी नसते. असतो तो फक्त पगार, आणि केवळ पगाराने माणमध्ये घर उघडत नाही, ही गोष्ट आम्हांस येथे पाऊल टाकल्यापासून चौथ्या दिवशी कळली.

१९८६ च्या जून महिन्यात दहिवडी येथील एका माध्यमिक शाळेत आमची नेमणूक झाली. सोबत सौभाग्यवती, दीड वर्षाची कन्या, दोन लोखंडी पेट्या, एक वातीचा स्टोव्ह आणि पुस्तकांची एक गोणी. दहिवडी हे तालुक्याचे ठिकाण. तहसील कचेरी, पंचायत समिती, न्यायालय, बँका, शाळा, दवाखाना असे सगळे तेथे होते, म्हणजेच दर जूनमध्ये बदलून येणारे वीसपंचवीस कारकून, मास्तर व ग्रामसेवकही होते. आणि हे सर्वजण एकाच आठवड्यात त्याच त्या आठदहा घरांच्या उंबऱ्यावर उभे राहात. पहिल्या तीन रात्री आम्ही गोंदवल्यास काढल्या. ब्रह्मचैतन्य महाराज १९१३ साली समाधिस्थ झाले, पण त्यांच्या दारी येणाऱ्यास अन्न आणि आसरा देण्याची रीत तेथे चालू राहिली आहे. आम्ही भक्त म्हणून गेलो नव्हतो, ही गोष्ट मनास टोचत होती. म्हणून चौथ्या दिवशी सकाळी सामान शाळेच्या पडवीत आणून टाकले आणि गावात घर पाहावयास निघालो.

निघालो आणि पहिल्याच गल्लीत थबकलो. कारण घरे नव्हती असे मुळीच नव्हते. घरे होती, आणि त्यांतील बरीचशी बंद होती. दगडी जोत्यांची, वर पांढऱ्या मातीच्या माळवदाची, दोन-तीन खणांची चांगली नांदती वाटावीत अशी घरे, पण दाराला कुलूप. पावसाने गंजू नये म्हणून कुलपाच्या भोकावर तेलकट चिंधी बांधलेली. गावातून एक फेरी मारून आम्ही शाळेत परतलो तेव्हा अशी सतरा कुलपे मोजली होती. मास्तरकीची सवय, जे दिसेल ते मोजावे. सतरा रिकामी घरे असलेल्या गावात आम्ही तिघे शाळेच्या पडवीत निजलो.

या कुलपांचे धनी मुंबईस होते. माण हा पर्जन्यछायेचा तालुका. वर्षाकाठी वीसएक इंच पाऊस झाला तरी लोक देवाला नारळ देतात. ज्या नदीच्या नावाने हा मुलूख ओळखला जातो ती माणगंगा वर्षातील कित्येक महिने वाळूचीच नदी असते. १९७२ च्या दुष्काळाने तर घरटी एक माणूस बाहेर काढला. कोणी गोदीत, कोणी गिरणीत, कोणी बाजारात माथाडी म्हणून गेला. गेलेला माणूस घर विकत नाही आणि भाड्यानेही देत नाही. किल्ली शेजाऱ्याच्या स्वाधीन करून जातो आणि म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्षात निघाला किंवा शिखर शिंगणापूरची चैत्री यात्रा भरली, की चार दिवस येऊन घर झाडतो, दिवा लावतो, पुन्हा कुलूप घालतो.

अशा अकरा किल्ल्या ज्यांच्या घरी एका खुंटीवर टांगलेल्या होत्या त्या वृद्ध गृहस्थांकडे आम्हांस नेण्यात आले. सारे गाव त्यांना आबा म्हणे. त्यांनी चहा पाजला, आमच्या गावची पीकपाण्याची चौकशी केली आणि मग शांतपणे म्हणाले, "मास्तर, घरं हायती, न्हाईत असं कुठं म्हणतोय मी? पर मी नुसती खुंटी हाय. किल्ली अडकवायची तेवढी माजी, काडायची न्हाई."

आम्ही भाडे आगाऊ देण्याची तयारी दाखवली. आबा हसले. "भाड्याचं न्हाई वो. घर पडलं तर पडू दे म्हणत्यात, पर कूळ लागाया नगं."

'कूळ लागणे' हे शब्द आम्ही तोवर फक्त शेतजमिनीच्या संदर्भात ऐकले होते. मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ चा आणि 'कसेल त्याची जमीन' हे ज्या दिवशी प्रत्यक्षात आले तो १ एप्रिल १९५७ चा दिवस. त्या दिवसाने हजारो कसणाऱ्यांस मालक केले. ते योग्यच झाले असे आमचे मत आहे. पण ज्याची चार बिघे गेली त्याच्या घरी या घटनेची जी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते तिचे तात्पर्य एवढेच असते की, परका माणूस एकदा आत आला की बाहेर निघत नाही. घराचा कायदा निराळा व शेताचा निराळा, हा भेद ती कथा करीत नाही. जमिनीच्या धास्तीने घरास कुलूप पडले होते.

यात आणखी एक गंमत होती, आणि ती आम्हांस पुढे मुंबईस एका विद्यार्थ्याच्या लग्नास गेलो असता कळली. दहिवडीत ज्यांच्या घराला कुलूप होते अशा एका गृहस्थांच्या परळच्या खोलीत आम्ही उतरलो होतो. ते स्वतः भाडेकरू! १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे प्रमाण धरले होते आणि त्या कायद्याच्या छत्राखाली ते, त्यापूर्वी त्यांचे चुलते, त्या दहा बाय बारा हातांच्या खोलीत नाममात्र भाड्याने सुखाने राहात आले होते. चाळीच्या मालकाने दुरुस्ती करणे केव्हाच सोडले होते. जिन्याची एक पायरी गेली होती. "आमास्नी कोण काढतंय?" असे ते अभिमानाने म्हणाले. परळमध्ये ज्या कायद्याने त्यांस निवारा दिला, त्याच कायद्याची भीती त्यांच्या दहिवडीच्या दारावर चिंधी गुंडाळून बसली होती. मालक आणि भाडेकरू एकाच माणसाच्या पोटात असे गुण्यागोविंदाने नांदू शकतात, हे आम्हांस तोवर ठाऊक नव्हते. त्या वेळी आम्ही त्यांस मनात हसलो.

अखेर आम्हांस घर मिळाले ते ओळखीने. शाळेच्या शिपायाच्या मावशीच्या शेजारी एक विधवा बाई राहात. वाड्याचा मागचा भाग, दोन खण, एक न्हाणी, परसात तुळस. आम्ही त्यांस काकू म्हणू लागलो. काकूंनी भाड्याचा आकडा सांगण्यापूर्वी विचारले, "तुम्ही कोणापैकी?" आम्ही सांगितले. त्यांस ते पसंत पडले. मग नव्वद रुपये ठरले. भिंतीस खिळा ठोकावयाचा नाही, रात्री नऊनंतर पाणी ओतावयाचे नाही, मृगापूर्वी माळवदावर पांढरी माती आमच्या खर्चाने टाकावयाची. भाडेपावतीचा विषय आम्ही काढला तेव्हा त्या दुखावल्या. "पावती कशाला हो? मी काय पळून जाणार आहे?"

पळून जाण्याची शक्यता खरे तर आमची होती. पण आम्ही गप्प बसलो आणि त्या घरात तेरा वर्षे राहिलो.

त्या तेरा वर्षांतील एका वर्षाची गोष्ट सांगितली पाहिजे. १९८८ साली आमच्या पगाराचा कोणता तरी कागद कोठे तरी अडकला आणि पाच महिने हातात पै आली नाही. वाण्याने उधारी दिली, पण तोंड वाकडे करून. पहिल्या महिन्याच्या दहा तारखेस आम्ही काकूंकडे मान खाली घालून गेलो. त्या शेंगा फोडीत होत्या. आमचे पुरते ऐकून न घेताच म्हणाल्या, "मास्तर, पगार झाला की बघू. कन्येचं दूध तेवढं बंद करू नका." पुढील चार महिने त्यांनी भाड्याचा शब्द काढला नाही. इतकेच नव्हे, तर वाटेत भेट टळावी म्हणून आम्ही मागल्या दाराने जाऊ लागलो, तेव्हा एकदा सौभाग्यवतीस म्हणाल्या, "त्यांना सांगा, पुढच्या दारानं जावं. लोक काय म्हणतील?" घरभाड्यास साहाय्य या नावाची जी काही गोष्ट आम्ही आयुष्यात अनुभवली ती ही. तिला अर्ज नव्हता, दाखला नव्हता, मुदत नव्हती.

हा प्रसंग आम्ही पुष्कळांना सांगितला आहे आणि प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याचे डोळे पाणावले आहेत. त्यामुळे तो आम्हीही गोड करून सांगत गेलो. त्याच सुमाराची दुसरी गोष्ट मात्र आम्ही फारशी कोणास सांगितलेली नाही. आमच्यानंतर वर्षभराने शाळेत गणिताचे एक शिक्षक आले. शिक्षणाने आमच्याहून वरचढ, अक्षर मोत्यासारखे, स्वभावाने अबोल. त्यांस चार महिने घर मिळाले नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत ते शाळेच्या प्रयोगशाळेत, गंधकाच्या बाटल्यांशेजारी पथारी टाकून निजत. काकूंच्या वाड्याचा पुढचा एक खण त्या वेळी रिकामा होता. आम्ही तो त्यांना दाखवावयास नेले. काकूंनी तोच प्रश्न विचारला, त्यांनी सरळ उत्तर दिले, आणि काकू म्हणाल्या की तो खण त्यांच्या भाच्यासाठी ठेवला आहे. तो भाचा कधी आला नाही. ज्या तोंडाने आम्हांस पाच महिने भाडे मागितले नाही त्याच तोंडाने हे उत्तर दिले. आम्ही दोन्ही गोष्टी पाहिल्या, पण एकमेकींशेजारी मांडून पाहिल्या नाहीत. कदाचित त्या खोलीत राहावयाचे होते म्हणून पाहिल्या नसतील.

सरकारास या विषयाची जाण नाही असे कोणी म्हणू नये. नोकरदारास घरभाडे भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगाने त्याचे मोठ्या शहरांस मूळ वेतनाच्या २४, मध्यम शहरांस १६ आणि उरलेल्या सर्व मुलखास ८ टक्के असे टप्पे घातले, आणि महागाईबरोबर ते चढावेत अशीही तरतूद केली. तत्त्व निर्दोष आहे: लहान गावी भाडे थोडे, म्हणून भत्ता थोडा. परंतु लहान गावी अडचण भाड्याची नसून घराची असते, ही गोष्ट टक्केवारीत बसत नाही. त्यातून प्राथमिक शिक्षकांस मुख्यालयी राहण्याचे बंधन, आणि ते तेथे राहतात असा ग्रामसभेचा ठराव. माणमधील एखाद्या वाडीवर वीस उंबरे, त्यांत आठ कुलपे आणि बाराच्या बारा घरांत माणसे दाटलेली. मास्तरने राहावे कोठे? तो दहिवडीस किंवा म्हसवडास बिऱ्हाड करतो, फटफटीवरून वाडीस जातो, आणि कागदावर तो वाडीतच नांदत असतो. ठराव करणाऱ्यांस हे माहीत असते, ठराव वाचणाऱ्यांसही माहीत असते. आमचे काही विद्यार्थी आता असे मास्तर आहेत. मुलांस 'नेहमी खरे बोलावे' हा धडा शिकवून झाल्यावर ते या दाखल्याच्या मागे लागतात. त्यांच्यावर रागावावे की ज्यांनी घराविना मुक्काम सक्तीचा केला त्यांच्यावर, हे ठरवणे आम्हांस कठीण जाते.

गरिबांसाठी ज्या योजना आहेत त्यांचीही तऱ्हा हीच. २०१६ पासूनच्या ग्रामीण पंतप्रधान आवास योजनेत सपाट मुलखात घर बांधावयास १ लाख २० हजार रुपये देण्याचे ठरले, आणि त्यातून आमच्या भागात किती तरी जणांची पडकी घरे उभी राहिलेली आम्ही पाहिली आहेत. पण हे सर्व मालकासाठी. खेडेगावात भाडेकरू असतो, ही कल्पनाच सरकारदरबारी रुजलेली नाही. २०११ च्या शिरगणतीत देशातील शहरी कुटुंबांपैकी २७.५ टक्के भाड्याने राहात होती आणि ग्रामीण कुटुंबांपैकी अवघी ३.४ टक्के. हा आकडा वाचून कोणी म्हणेल, गावात भाड्याच्या घराची गरजच कोणाला? आम्ही तोच आकडा उलटा वाचतो. घर मिळत नाही म्हणून जो सकाळच्या गाडीने येतो आणि संध्याकाळच्या गाडीने जातो, तो या ३.४ मध्ये धरला जात नाही.

येथे कुलपांच्या बाजूनेही एक शब्द बोलणे न्यायाचे होईल. २०२० च्या मार्चअखेर देशभर संचारबंदी झाली आणि मुंबईत ज्यांची कमाई थांबली, ज्यांस खोलीचे भाडे देणे अशक्य झाले, ते मिळेल त्या वाहनाने आणि वाहन नाही तेथे पायी गावाकडे निघाले. गावाने त्यांस आधी शाळेत चौदा दिवस वेगळे ठेवले आणि मग घरी जाऊ दिले. आबा तेव्हा हयात नव्हते. त्यांच्या चिरंजीवांकडे आम्ही एकदा दुरून विचारपूस करावयास गेलो, तो भिंतीवरील खुंटी रिकामी. सगळी कुलपे उघडली होती. ज्या घरांना आम्ही १९८६ साली आडमुठेपणाची स्मारके समजलो होतो त्यांतून धूर निघत होता, पोरे ओरडत होती, माळवदावर मिरच्या वाळत होत्या. ती घरे जर आमच्यासारख्यांस भाड्याने दिलेली असती, तर ही माणसे कोठे गेली असती? त्याच वर्षी केंद्र सरकारने शहरांतील स्थलांतरितांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना काढली. तिचा मार्ग शहरातून जात होता. आमच्या खुंटीपर्यंत तो येणार नव्हता. आम्ही घरी आलो आणि सौभाग्यवतीस म्हणालो, "ते लोक शहाणे होते." त्या म्हणाल्या, "आणि आपण तेव्हा पडवीत निजलो ते?" दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

आता जे सांगावयाचे ते मनापासून सांगावयाचे नाही, पण ते सोडले तर वरचे सर्व लिहिण्याचा आम्हांस अधिकार उरत नाही.

१९९९ साली आम्ही कर्ज काढून दहिवडीतच स्वतःचे घर बांधले. काकू पुढे दोन वर्षांनी गेल्या. कन्येचे लग्न झाले, ती पुण्यास गेली, आणि माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या. आम्ही त्यांस कुलूप लावले. पावसाळ्यात त्यावर चिंधी बांधली. हे करीत असताना आम्हांस काहीही आठवले नाही.

अलीकडची गोष्ट. जुलै महिन्यात दोन मुली दारात आल्या. महाविद्यालयात शिकणाऱ्या, गाव तालुक्याच्या पूर्व टोकाला, गाडी दिवसातून दोनदा आणि तीही परीक्षेच्या दिवशी हमखास न येणारी. खोल्या पाहिल्या. दोघींत मिळून दोन हजार देऊ म्हणाल्या. रक्कम रास्त होती. मग त्यांतील थोरली म्हणाली, "सर, एक अडचण आहे. आम्हांला भाडेकरार लिहून लागेल. स्वाधारच्या अर्जाला जोडायचा आहे."

ही योजना आम्हांस ऐकून माहीत होती. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांपैकी ज्यांस शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी राज्य सरकारने २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावे ती सुरू केली. मोठ्या शहरांत वर्षास ६० हजार, इतर महानगरांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार, आणि या शेवटच्या रकमेतील १२ हजार केवळ निवासासाठी, म्हणजे महिन्यास एक हजार. पुढे तालुक्याच्या गावांपर्यंत, त्याहून थोड्या कमी रकमेने, ती आली. हप्ते उशिरा येतात अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते, पण येतात. एका लहान गावात घरभाड्यासाठी सरकारने दिलेला प्रत्यक्ष पैसा तो हाच. आणि तो मिळावयाचा तर भाड्याने राहात असल्याचा लेखी पुरावा हवा. म्हणजे घरमालकाची सही हवी.

आम्ही त्या मुलीस तिचे आडनाव विचारले.

वास्तविक विचारण्याचे कारण नव्हते. योजनेचे नाव ऐकताच जे कळावयाचे ते कळले होते. तरीही विचारले, आणि तिने सांगितले. गणिताच्या त्या शिक्षकांनी काकूंस सांगितले होते तसेच सरळ. आम्ही म्हणालो, "कराराचे जरा विचारून सांगतो." भाचा येणार आहे असे म्हणालो नाही, एवढाच काकूंच्या व आमच्या उत्तरात फरक.

साताऱ्यास आमचे एक वकील स्नेही आहेत, त्यांस फोन केला. त्यांनी जे सांगितले ते सर्व कागद करण्याच्या बाजूचे होते. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. तो ज्या गावांस लागू आहे तेथे भाड्याचा करार लेखी असून त्याची नोंदणी झाली पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची. करार लिहिला नसेल आणि वाद झाला, तर अटींविषयी भाडेकरू सांगेल ते प्रथमदर्शनी खरे धरले जाते. उलट मुदतीचा परवाना-करार लिहिला असेल, तर मुदत संपताच जागा परत मिळवण्याचा वेगळा, झटपट मार्ग त्याच कायद्यात आहे. "लोक अकरा महिन्यांचा कागद का करतात, ठाऊक आहे का?" ते म्हणाले. "१९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून एक महिना कमी. ती पळवाट आता परंपरा झाली आहे. तुम्ही सरळ नोंदवा. कागदाने भाडेकरू घट्ट होत नाही, मास्तर, मालक सुटा होतो." म्हणजे ज्या भयाने सारे माण कागद टाळीत आले ते भय कागदानेच जावयाचे होते.

इतके स्पष्ट ऐकूनही आम्ही आठ दिवस काही केले नाही. मग श्रावण लागला, पाहुणे आले, गुडघा दुखला. सौभाग्यवतींनी दोनदा विचारले. दुसऱ्या वेळी म्हणाल्या, "पंधरा दिवस झाले. काकूंसारखं करताय तुम्ही." आम्ही त्यांच्यावर रागावलो. त्या मुली पुन्हा आल्या नाहीत. अर्जाची मुदत कधी संपली ते आम्हांस वर्तमानपत्रातून कळले. पुढे थंडीच्या दिवसांत सकाळी फिरावयास गेलो असता बसस्थानकात ती थोरली मुलगी नुकत्याच आलेल्या गाडीतून उतरताना दिसली. शाल डोक्यावरून घेतलेली, हातात डबा. महाविद्यालय भरण्यास अद्याप दीड तास होता. तिने आम्हांस नमस्कार केला. तिने तोंड फिरवले असते तर आम्हांस बरे वाटले असते.

पुढच्या जून महिन्यात आम्ही तिची चौकशी करून तिच्या वर्गशिक्षकांकरवी निरोप पाठवला. ती एकटीच आली. दुसरीला वसतिगृहात जागा मिळाली होती. खोल्या झाडून ठेवल्या होत्या, माठ भरून ठेवला होता, भाडे हजार सांगितले. एका वर्षाच्या हेलपाट्यांची भरपाई अशी होत नाही हे कळण्याइतके आमचे वय झाले आहे, म्हणून त्याविषयी आम्ही काही बोललो नाही. तिने खोली नीट पाहिली, खिडकीची कडी लावून पाहिली, आणि म्हणाली, "सर, कागद आधी करू या का? किल्ली मग द्या."

आम्ही दुय्यम निबंधकांच्या कचेरीत जाऊन कागद आधी केला. तिचे वडील सही करण्यास आले होते. ऊसतोडीच्या टोळीतून चार दिवसांपूर्वीच परतले होते असे म्हणाले. तेही बिऱ्हाडच की! परत येताना त्यांनी आम्हांस चहा पाजला आणि पैसे देऊ दिले नाहीत.

पहिल्या महिन्याचे भाडे तिने पाच तारखेस आणून दिले आणि पावती मागितली. आम्ही कपाट धुंडाळले. चाळीस वर्षांत पावतीपुस्तकाची गरज आम्हांस कधी पडली नव्हती. बाजारपेठेतील कागदवाल्याकडे गेलो. त्याने वरच्या फळीवरून, शिडी लावून, भाडेपावत्यांचे एक पुस्तक काढले, फुंकर मारून त्यावरील धूळ उडवली आणि म्हणाला, "गुरुजी, हे इथं कोण न्हेत न्हाई. एकच हाय, घिऊन टाका."